दोन माणसांचा समाज आणि त्यांचं कलादालन

कारंज्याच्या ज्यू समाज कलादालनात मी बावीस वर्षं चित्रं टांगली. समाज म्हणाल तर दोन माणसांचा: नावगावकर सर आणि त्यांच्या पत्नी शेगुलाबाई. पुढे सर वारले आणि समाज निम्म्यावर आला, पण पाटी आहे तशीच राहिली.

पाटीवर 'समाज' हा शब्द आला तो मुंबईच्या एका ज्यू विश्वस्त मंडळामुळे. त्यांनी चित्रं अडकवायच्या पट्ट्या आणि वरचे दिवे दिले, आणि नावात समाज असावा एवढी अट घातली. सर म्हणाले, "असू दे. दोन माणसांनी न भांडता एक घर चालवलं तर तो समाजच."

सर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे कोकणातले. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, आणि परत जायचं त्यांच्या मनातच आलं नाही. सर इथल्याच शाळेत चित्रकलेचे शिक्षक झाले. कारंजा, कामरगाव, धनज, मालेगावपर्यंतच्या तीन पिढ्यांना त्यांनी चिमणी, बादली आणि भौमितिक नक्षी काढायला शिकवलं. त्यातले चित्रकार किती झाले म्हणाल, तर जवळजवळ कोणीच नाही. पण आमच्या भागातल्या दुकानांच्या पाट्या सरळ रेषेत असतात, त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

मी त्यांचाच विद्यार्थी. कामरगावात फ्रेमचं दुकान चालवायचो. बाबासाहेब, बुद्ध, लग्नाचे फोटो आणि गेलेली माणसं, या चौघांवर दुकान चालत होतं. सरांच्या घराला लागून कापसाचं जुनं गोदाम होतं. ते झाडूनपुसून त्यांनी दालन केलं आणि मला निरोप धाडला, "मिलिंद, जिवंत माणसांचीही चित्रं असतात. ये, दाखवतो."

बाहेरच्या माणसाला वाटतं, चित्र टांगायचं म्हणजे खिळा ठोकायचा. खिळा सगळ्यात शेवटी येतो. आधी चित्रं भिंतीच्या पायाशी जमिनीवर मांडायची आणि दोन दिवस नुसतं त्यांच्यासमोरून ये-जा करायची. काही चित्रं शेजारी ठेवली की भांडतात, काही एकमेकांना झोपवतात. मग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ओढायचा. चित्राचा मध्य माणसाच्या डोळ्यासमोर आला पाहिजे, एवढं साधं शास्त्र आहे. वाद आहे तो कोणत्या माणसाच्या डोळ्यासमोर याचा. मुंबईपुण्याचे चित्रकार पाच फूट म्हणायचे. सर म्हणायचे साडेचार, कारण आपल्याकडे बघायला शाळेतली पोरं येतात आणि बाजार करून परतणाऱ्या बाया येतात. बावीस वर्षांत आम्ही दोरा साडेचारच्या वर नेला नाही. पुष्कळ मोठ्या कलावंतांना आमच्याकडे वाकावं लागलं.

एका चित्राला दोन खिळे, कारण एकाच खिळ्यावरचं चित्र पंख्याच्या वाऱ्यानं तिरकं होतं. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, म्हणजे भिंतीचा दमटपणा लागत नाही. पाल मात्र तरीही मागे राहायला येते. तिच्यावर उपाय सापडलेला नाही. एका उद्घाटनाला निसर्गचित्राच्या मागून पाल निघून आभाळावर येऊन बसली, तेव्हा पाहुण्यांनी रचनेतल्या धाडसाचं कौतुक केलं होतं.

पुण्याच्या एका चित्रकाराचं प्रदर्शन माझ्या चांगलं लक्षात आहे. दाढीवाला, गंभीर, स्वतःबद्दल आदरानं बोलणारा माणूस. त्यानं स्वतःचंच मोठं चित्र काढलं होतं आणि ते मधल्या भिंतीवर, स्वतंत्र दिव्याखाली हवं असा हट्ट धरला. मी लावलं. दुपारी धनजच्या तीन बाया बाजाराच्या पिशव्या घेऊन आल्या. त्या चित्रासमोर आल्यावर तिघींनी डोक्यावर पदर घेतला. त्यांच्यातली म्हातारी हळू आवाजात मला म्हणाली, "कवा गेले बाप्पा?"

"गेले नाही मावशी. ते काय, तिथं च्या पिऊन राह्यले."

म्हातारीनं चित्राकडे पाहिलं, चित्रकाराकडे पाहिलं. "मंग जित्या माणसाचा फोटो काहून लावला भितीवर? अन् वरतून दिवा बी लावला!"

आमच्याकडे भिंतीवर चौकटीत बसवलेला आणि वर दिवा लावलेला माणूस एक तर महापुरुष असतो, नाहीतर वारलेला. म्हातारी सरळ चित्रकाराजवळ गेली, त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "सुखी राय बाबा. थो फोटो काहाडून टाक. घरच्याइले कसं वाटत असन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकारानं ते चित्र स्वतःच्या हातानं उतरवलं. दिव्याचा कोन बरोबर येत नाही, असं कारण मला सांगितलं. मी मान डोलावली. आमच्या धंद्यात मान डोलावणं हे अर्धं कौशल्य आहे.

प्रश्न विचारण्यात आमची माणसं कसर ठेवत नाहीत. मालेगावच्या एका शेतकऱ्यानं सगळी भिंत बघून झाल्यावर शेगुलाबाईंना विचारलं होतं, "बाई, तुमच्या देवाचा फोटो कोठी हाये?"

"आमच्या देवाचा फोटो नसतो. मूर्तीही नसते."

"मंग हे येवढे फोटो कायचे?"

बाई म्हणाल्या, "देवाचा नाही म्हणून तर बाकी सगळ्यांना जागा मिळाली."

शेतकऱ्याला ते पटलं. त्यानं एक फ्रेम विकत मागितली. आतलं चित्र नको, फ्रेमच पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं.

शनिवारी दालन बंद असायचं. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी दिवस मावळेपर्यंत सर कसलंही काम करत नसत, विस्तवही पेटवत नसत. गावानं याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता: सर शनिवार पाळतात, म्हणजे मारुतीचे कडक भक्त आहेत. सरांनी हा समज कधीच दूर केला नाही. म्हणायचे, "मारुतीची काही तक्रार आली का? नाही ना? मग राहू दे."

सर गेले ते असेच, वहीत एका विद्यार्थिनीच्या बादलीचा कान दुरुस्त करताना. जवळपास त्यांच्या लोकांचं कबरस्तान नाही. दफन ठाण्याला करावं लागलं. आम्ही काही विद्यार्थी गेलो होतो, मागच्या रांगेत उभे होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी बाई मला म्हणाल्या, "मिलिंद, आमच्यात माणूस गेल्यावर कद्दिश म्हणतात. प्रार्थना असते ती. ती एकट्यानं म्हणून चालत नाही. आमच्यातले दहा मोठे पुरुष हजर लागतात. ठाण्याला झाली. पण हा माणूस जन्मभर या घरात राहिला, आणि त्याच्यासाठी या घरात एकदाही ती झाली नाही."

"दहा माणसं आणू की बाई."

"कुठून आणशील? विदर्भ पालथा घातलास तरी पुरायचे नाहीत."

त्यांना मूलबाळ नव्हतं. होतो ते सगळे आम्हीच, आणि आम्ही मोजणीत येत नव्हतो. मग प्रदर्शनाची कल्पना निघाली. सरांच्या पहिल्या वर्षाच्या दिवशी, रविवार होता, त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या सरांच्या चित्रांचं प्रदर्शन. विश्वस्त मंडळाला आमंत्रण गेलं. नुसत्या प्रार्थनेसाठी इतक्या लांब कोणी आलं असतं की नाही सांगता येत नाही. पण कार्यक्रम आहे, उद्घाटन आहे म्हटल्यावर माणसं निघतात. ठाण्याचे हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तयार झाले. सरांचा भाचा, मंडळाचे काही जण, नागपूरचे दोघे, अकोल्याचे एक. बाई बोटं मोजत होत्या. दहाव्या बोटावर आल्या तेव्हा त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाल्या, "जास्तीचा एकही नाही."

मंडळाची एक अट मात्र आलीच. उद्घाटनाला कोणीतरी मोठं हवं. त्यांनीच नागपूरचे एक निवृत्त बडे अधिकारी सुचवले, जे आता चित्रं गोळा करतात. ते ज्यू नव्हते, पण मोठे होते.

विद्यार्थ्यांची चित्रं यायला लागली आणि मला पहिल्यांदाच कळलं, की सरांचं नाक केवढं होतं. पंचेचाळीस जणांनी काढलेलं नाक. कोणी खडूनं, कोणी पाटीच्या ऑइलपेंटनं, एकानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर. कामरगावचा नामदेव एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे. त्यानं तिकिटाच्या रिकाम्या कागदी रिळावर लांबच लांब चित्र काढलं: सर वर्गात शिरतात तिथपासून पोरांचे कान धरतात तिथपर्यंत. मी ते भिंतीभर दोऱ्याच्या रेषेत लावलं. आयुष्यात एवढं सुखानं चित्र टांगलेलं नाही.

रविवारी कार्यक्रम असा ठरला होता: अकराला उद्घाटन, मग मलिदा आणि जेवण, तीनला प्रार्थना, पाचला ठाण्याची मंडळी मूर्तिजापूरला गाडी पकडायला निघणार. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. त्यांच्यात एलियाहू हन्नाबी नावाच्या पैगंबराच्या नावानं तो करतात. काही चांगलं घडावं म्हणून, किंवा घडलं म्हणून. बाईंनी परात भरून केला होता.

साडेदहाला अकोल्याहून फोन आला. तिथल्या पाहुण्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली होती, ते दवाखान्यात होते. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "आईला सांभाळा. इकडची काळजी नको." फोन ठेवून त्यांनी हझ्झानांकडे पाहिलं. हझ्झान म्हणजे सत्तरीचे, बारीक, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "बघू. तीन वाजेपर्यंत दिवस आहे."

उरले नऊ.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. मुख्य पाहुण्यांचा पत्ता नव्हता. हझ्झानांनी मलिद्यावर आशीर्वाद म्हटला, लोक जेवले. अडीच वाजता पांढरी गाडी आली. साहेब उतरले, त्यांच्यामागून त्यांची शाल धरून ड्रायव्हर उतरला. साहेब त्याला म्हणाले, "राजू, गाडीतच थांब." रिबीन कापली, टाळ्या झाल्या, आणि साहेबांनी भाषण सुरू केलं. ते कलेच्या उगमापासून निघाले होते. सव्वातीनपर्यंत ते युरोपात होते. पावणेचारला भारताच्या हद्दीत आले. नामदेव माझ्या कानात म्हणाला, "मिलिंदभाऊ, यायले डबल बेल द्या, नाही तं मुक्कामाले इथंच राह्यतीन."

भाषण चालू असताना मी आमच्या पद्धतीप्रमाणे बाहेरचं बघितलं. मोठ्या पाहुण्यांचे ड्रायव्हर बाहेर असतात, त्यांना ताट बाहेरच द्यायचं असतं. मी निंबाखाली ताट नेऊन दिलं. ड्रायव्हर पन्नाशीचा होता. "बस झालं, बस झालं," म्हणाला. मी त्याला नाव विचारलं नाही. माझ्या घरात माणसाला बाहेर बसवण्याविरुद्धची पुस्तकं कपाटभर आहेत आणि त्यातली बरीच मी दोनदा वाचली आहेत. तरी माझ्या हातून ताट बाहेरच गेलं, आणि नाव न विचारता.

चारला भाषण संपलं. मंडळाचे दोन-तीन जण साहेबांना चहाला आतल्या खोलीत घेऊन गेले, चहा त्यांच्या हातात दिला आणि प्रार्थनेसाठी परत आले. दालनात हझ्झानांनी पश्चिमेकडे तोंड केलं. त्यांच्यात अशा वेळी माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे, ते एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द म्हणतात. आम्ही पंचेचाळीस विद्यार्थी मागे उभे होतो. ऐकत होतो. नऊ शब्द झाले. हझ्झान थांबले. दहावा शब्द त्यांच्या ओठांवर होता आणि पाहायला माणूस नव्हता.

मागून नामदेव पुढे सरला. "साहेब, मले धरा ना. सरांनी मले सात वर्षं शिकवलं हाये."

"तसं चालत नाही हो."

"मी आजच्या दिवस ज्यू होतो. पायजे तं परीक्षा घ्या."

हझ्झान हसले. "दिवसाच्या बोलीवर घेत नाहीत आमच्यात."

मंडळातला एक जण म्हणाला, "आता काही ठिकाणी बायकांनाही धरतात. बाई आहेतच की."

"ठाण्यात नाही धरत," हझ्झान म्हणाले. ते कठोरपणे म्हणाले नाहीत, पण म्हणाले.

"मला धरत असते, तर तुम्हा सगळ्यांना एवढा प्रवास कशाला करायला लावला असता?" बाई म्हणाल्या. मग त्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. साडेचार होत आले होते. भाचा हळूच म्हणाला, "मामी, पुढच्या वर्षी पुन्हा जमू." बाई त्याला म्हणाल्या, "मी पंच्याऐंशीची आहे रे," आणि पदर सारखा केला.

मी दाराकडे गेलो. रिकामी ताटं उचलावीत, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात तो ड्रायव्हर आपलं ताट घासूनपुसून परत द्यायला दाराशी आला. त्या दाराला उजव्या हाताला, चौकटीवर एक बोटभर लांबीची डबी ठोकलेली आहे. आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं असतात. सर येताजाता तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचे. ड्रायव्हरनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, त्याचा हात आपोआप वर गेला, डबीला लागला, ओठांना लागला. मग त्यानं मला ताट दिलं आणि म्हणाला, "मलिदा छान होता. आमच्याकडे वेलची जास्त घालतात."

मी ताट खाली ठेवलं. "तुमचं नाव काय, दादा?"

"रूबेन."

"साहेब तर राजू म्हणून राह्यले होते."

"ते सगळ्याच ड्रायव्हरना राजू म्हणतात."

"अहो, मग इतका वेळ... आत काय चाललंय, माहीत आहे ना तुम्हाला?"

"पाटी वाचली आल्या आल्या. खिडकीतून ऐकू पण येत होतं. कोणी विचारलं नाही. आणि साहेब म्हणाले होते, गाडीत थांब."

मी त्याचा हात धरला आणि अक्षरशः ओढत आत नेला. एवढ्या वर्षांत एवढ्या किमतीचं काहीही त्या दालनात मी आणलेलं नव्हतं. "हझ्झानसाहेब, हे रूबेन."

हझ्झानांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठले तुम्ही?"

"झिराडचे. अलिबागकडचे. आता नागपूरला असतो."

"वडील?"

त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. हझ्झानांचे डोळे बारीक झाले. "तुमच्या आजोबांच्या दारच्या मांडवात मी सरबत प्यायलोय, लहान असताना." एवढी चौकशी पुरली. रूबेननं खिशातून रुमाल काढला आणि डोक्यावर बांधला.

ते पाहून मागचे पंचेचाळीसजण आपापल्या डोक्यांची सोय करायला लागले. कोणी दुपट्टा घेतला, कोणी टोपी, नामदेवनं कंडक्टरची जुनी टोपी पिशवीतून काढली, ती तो कुठल्याही समारंभाला बरोबर ठेवतो. धनजचा एक जण ड्रॉइंग पेपरची होडी करून डोक्यावर ठेवून उभा राहिला. बाई त्या होडीकडे पाहत राहिल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा खदखदून हसल्या.

हझ्झानांनी वचन पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. एकेक शब्द, एकेक माणूस. दहावा शब्द म्हणताना त्यांनी रूबेनकडे पाहिलं, आणि तो शब्द त्यांनी जरा लांबवला, असं मला वाटलं.

प्रार्थना सुरू झाली आणि आतल्या खोलीचा पडदा सरकवून साहेब बाहेर आले. "राजू! चला, निघायचंय. राजू कुठे गेला?"

बाई खुर्चीतून उठल्या. उंचीनं त्या साहेबांच्या खांद्याला लागतील. अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचा ड्रायव्हर कामात आहे. थोडा वेळ लागेल."

"कामात? माझा ड्रायव्हर?"

"हो. त्याच्यावाचून अडलंय."

साहेबांना मोठ्या सभांची सवय होती, पण ज्या सभेत ड्रायव्हरवाचून अडतं अशी त्यांनी पाहिली नसावी. ते शाल आणि नारळ घेऊन गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर बसले, मग उन्हाला कंटाळून पुढच्या सीटवर आले.

भाचा कद्दिश म्हणायला उभा राहिला. त्यात मधे मधे सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं असतं. पहिल्यांदा ते दहाजण म्हणाले. दुसऱ्यांदा आम्हीही म्हणालो. तिसऱ्यांदा नामदेवनं असं म्हटलं, की एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल. नंतर तर आमचा उत्साह आवरेना. भाच्यानं श्वास घेतला तरी आमेन. हझ्झानांना ठसका लागला, त्यावरही आमेन. पंचेचाळीस चौकटींतून सर, सगळे वेगवेगळ्या नाकांचे, आमच्याकडे बघत होते. बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, त्यातलं कशासाठी काय ते वेगळं काढता येत नव्हतं.

संपल्यावर बाई हझ्झानांना म्हणाल्या, "माफ करा हं. आमच्या पोरांनी बरीच आमेन जास्तीची म्हटली."

"जास्त झालेली चालतात, बाई," हझ्झान म्हणाले. "कमी चालत नाहीत."

बाहेर साहेबांनी वैतागून जोरात हॉर्न दाबला. मागच्या रांगेतून कोणीतरी त्यालाही आमेन म्हणालं.